मरणासाठी कोण धावतं?

मुंबई मॅरेथॉन जवळ आली की ऑफिसात मेल फिरायला लागतात. "अमुक संस्थेसाठी धावतोय, मदत करा." आणि कँटीनमध्ये कोणीतरी विचारतंच, "पैसेच हवेत तर सरळ मागा ना. बेचाळीस किलोमीटर कशाला धावायचं?" प्रश्न चुकीचा नाही. उत्तर शोधता शोधता मी मात्र पोचलो १९४८च्या लंडनमध्ये.

तिथल्या एका हॉस्पिटलात डेव्हिड तास्मा नावाचा, चाळिशीतला पोलिश ज्यू वेटर कॅन्सरने शेवटच्या घटका मोजत होता. त्याला भेटायला सिसिली सॉन्डर्स यायच्या. मूळच्या नर्स, पण पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सुटलं आणि त्या समाजसेविका झाल्या. बऱ्या न होणाऱ्या माणसांसाठी एक वेगळं घर असावं, अशा दोघांच्या गप्पा चालत. जाताना तास्माने त्यांना ५०० पौंड ठेवले. त्या घरातली एक खिडकी माझी, म्हणून. खिडकी मिळाली, घराचा पत्ता नव्हता!

घर उभं राहायला १९ वर्षं लागली. डॉक्टरमंडळींनी ऐकावं म्हणून बाई स्वतःच मेडिकलला गेल्या आणि चाळिशीला टेकता टेकता, १९५७ साली डॉक्टर झाल्या. पेशंट कळवळल्यावर मॉर्फिन द्यायचं नाही, दुखणं परत यायच्या आधीच घड्याळ लावून द्यायचं, हा त्यांचा आग्रह. १९६७ साली दक्षिण लंडनमध्ये त्यांचं सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडलं. आधुनिक हॉस्पिसची सुरुवात ती इथून.

पण ब्रिटनमध्ये सरकारी दवाखाने फुकट असले तरी हॉस्पिसं मुख्यतः धर्मादायच राहिली. मोठ्यांच्या हॉस्पिसचा साधारण एक तृतीयांश खर्च सरकार देतं, बाकीचा लोकांकडून उभा करायचा. खरी अडचण इथे आहे. कॅनडाचा टेरी फॉक्स १९८० साली एका कृत्रिम पायावर १४३ दिवस धावला, ते कॅन्सरच्या संशोधनासाठी. त्यात निदान आशा दाखवता येते, की आज पैसे द्या, उद्या औषध सापडेल. हॉस्पिसवाल्याने काय सांगायचं? पेशंट जाणारच आहे, फक्त नीट जाऊ दे? आमच्या भाषेत, क्लायंटला दाखवायला 'सक्सेस स्टोरी'च नाही. शिवाय मरणाचं नाव काढलं की "शुभ बोल रे नाऱ्या"!

धावणं कामाला येतं ते इथे. १९८१ साली लंडन मॅरेथॉन सुरू झाली. पहिल्याच वर्षी डिक बीअर्डस्ली आणि इंगे सिमोन्सन हे दोघं हातात हात घालून एकदम पहिले आले. पुढे तिथे संस्थांसाठी धावायची प्रथाच पडली, त्यांत हॉस्पिसंही आली. धावणारा मरणाबद्दल बोलत नाही. तो गुडघ्याबद्दल, पहाटेच्या सरावाबद्दल बोलतो. मग समोरचा विचारतो, "कोणासाठी?" "आजी शेवटी तिथे होती." झालं, एरवी न निघणारा विषय निघतो. नुसतं पैशाचं पाकीट दिलं असतं तर तो निघाला नसता, असं मला वाटतं.

लीड्सच्या जेन टॉमलिन्सन यांना २००० साली सांगितलं गेलं की कॅन्सर बरा होणार नाही, सहा महिने आहेत. त्यानंतर त्या लंडन मॅरेथॉन धावल्या, २००६ साली सायकलवरून अमेरिका ओलांडली (सुमारे ६,७०० किलोमीटर!), आणि निरनिराळ्या संस्थांसाठी १७ लाख पौंडांहून जास्त जमवले. २००७ साली त्या गेल्या, त्या लीड्सच्याच एका हॉस्पिसमध्ये. एवढ्या दणकट बाईलाही शेवटी ती खाट लागली.

आपल्याकडे पहिलं हॉस्पिस १९८६ साली वांद्र्याला निघालं, शांती आवेदना सदन. तिथे पेशंटकडून पैसे घेत नाहीत. म्हणजे कोणीतरी ते द्यायला हवेतच. मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली, तेव्हापासून मागायची एक सोय आपल्याकडेही आहे.

सिसिलीबाई २००५ साली कॅन्सरनेच गेल्या, आपल्याच सेंट ख्रिस्तोफर्समध्ये. बांधायला घेतलं तेव्हा ते दुसऱ्यांसाठी होतं. असं घर सगळे दुसऱ्यांसाठीच बांधतात. राहायला कोण जाणार, ते तेव्हा कोणाला माहीत असतं?