पडद्यावरील रंगांचे प्रमाणीकरण : एक ऐतिहासिक आढावा (१९३१ ते २०१९)

प्रस्तावना :
एकच चलच्चित्र दोन संगणकांवर पाहिले असता एका पडद्यावर चेहरा तांबूस तर दुसऱ्यावर फिकट दिसतो, हा अनुभव आज सार्वत्रिक आहे. यंत्रे सुधारली की हा दोष आपोआप नाहीसा होईल, असा सर्वसाधारण समज आढळतो. पडद्यावरील रंगांचा इतिहास या समजाला दुजोरा देत नाही. रंगांची एकरूपता ही प्रामुख्याने चित्रनिर्माते, प्रसारक आणि कारखानदार यांच्यातील कराराची बाब राहिलेली आहे. आणि हा करार बहुतेक वेळा बाजारात आलेल्या यंत्रांच्या मागाहून लिहिला गेला. प्रस्तुत लेखात या मागाहून येण्याचा मागोवा घेतला आहे.

रंगाचे मोजमाप :
१९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमध्ये डब्ल्यू. डेव्हिड राइट आणि जॉन गिल्ड यांनी स्वतंत्रपणे काही प्रयोग केले. लाल, हिरवा व निळा प्रकाश कोणत्या प्रमाणात मिसळला म्हणजे दिलेल्या रंगाशी जुळतो, हे निरीक्षकांना ठरवावयाचे होते. राइट यांचे निरीक्षक दहा होते, गिल्ड यांचे सात. या सतरा व्यक्तींच्या दृष्टीवरून आंतरराष्ट्रीय प्रदीपन आयोगाने १९३१ मध्ये ‘प्रमाण निरीक्षक’ निश्चित केला. रंग प्रथमच आकड्यांत लिहिता येऊ लागला. आजही पडद्याचे मूळ रंग सांगताना याच पद्धतीचे आकडे दिले जातात, हे लक्षात घेतले म्हणजे त्या सतरा व्यक्तींचे ऋण किती मोठे आहे हे कळते.

कागदावरील प्रमाण आणि कारखाना :
डिसेंबर १९५३ मध्ये अमेरिकेत रंगीत प्रक्षेपणाच्या एनटीएससी प्रणालीला मान्यता मिळाली. तिच्यात लाल, हिरव्या व निळ्या रंगांची स्थाने १९३१ च्या पद्धतीने नेमून दिलेली होती. सुरुवातीच्या पिक्चर ट्यूब या आकड्यांच्या जवळपास होत्या. पण त्यांचा प्रकाश मंद पडे. ग्राहकाला उजेडाच्या दिवाणखान्यातही चित्र ठसठशीत हवे होते. त्यामुळे पुढील दशकात कारखानदारांनी अधिक तेजस्वी फॉस्फर वापरले आणि पडद्याचे रंग प्रमाणापासून दूर गेले. प्रमाण मात्र कागदावर तसेच राहिले. अखेर १९८७ मध्ये अमेरिकेच्या चित्रपट व दूरचित्रवाणी अभियंत्यांच्या संस्थेने प्रचलित फॉस्फरांनाच शिफारशीचे रूप दिले. कायदा रूढीच्या मागे गेला, असेच म्हणावे लागेल.

एनटीएससीत रंगच्छटा संदेशाच्या कलेत साठविलेली असे. वाटेत कला किंचित सरकली तरी छटा बदले. म्हणून अमेरिकेतील संचांवर छटा जुळविण्याची वेगळी खुंटी होती. प्रेक्षक ती कशावरून जुळवी? चेहऱ्यावरून. १९७० च्या दशकात काही संचांत त्वचेच्या जवळपासचे रंग एका ठरलेल्या छटेकडे आपोआप ओढणारी मंडलेही आली. ही ठरलेली छटा कोणाच्या त्वचेची, हा प्रश्न येथे टाळता येत नाही. छायाचित्रणाच्या क्षेत्रात कोडॅक कंपनीची ‘शर्ली’ कार्डे दीर्घकाळ गोऱ्या स्त्रीच्या चेहऱ्यावर आधारलेली होती आणि सावळ्या त्वचेचे बारकावे तेथे उपेक्षित राहिले. एकरूपता साधताना नमुना कोण ठरवितो, ही निव्वळ तांत्रिक बाब नाही.

जर्मनीत टेलिफुंकेन कंपनीतील वाल्टर ब्रुख यांनी विकसित केलेल्या पाल प्रणालीत एका रंगघटकाची कला दर ओळीआड उलटविली जाते. त्यामुळे छटेची चूक परस्पर भागून रंग थोडा फिका होतो, एवढेच. पश्चिम जर्मनी व ब्रिटनमध्ये तिचे प्रक्षेपण १९६७ मध्ये सुरू झाले. भारताने १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपणासाठी हीच प्रणाली स्वीकारली. त्याच वर्षी दिल्लीत झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धा देशाने रंगांत पाहिल्या. पालने वाटेतील चूक सावरली. घरोघरच्या ट्यूबमधील फरक मात्र तिच्या कक्षेबाहेर होता.

संगणकाचा पडदा :
हाय-डेफिनिशन दूरचित्रवाणीसाठी १९९० मध्ये आलेल्या शिफारस क्र. ७०९ मध्ये युरोपीय लाल व निळा घेतला गेला आणि हिरवा रंग युरोप व अमेरिका यांच्या मधोमध ठेवला गेला. तडजोडीचा याहून स्पष्ट पुरावा क्वचितच सापडेल. ह्यूलेट-पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ मध्ये मांडलेल्या एसआरजीबी या प्रमाणानेही हेच मूळ रंग स्वीकारले; तेव्हाच्या सामान्य मॉनिटरचे वर्तन त्यात नोंदविलेले होते.

तरीही मेळ बसला नाही. मॅकिंटॉश संगणकांचा गॅमा १.८ होता, इतरांचा २.२ च्या आसपास. त्यामुळे मॅकवर सिद्ध केलेले चित्र अन्यत्र काळवंडलेले दिसे. ॲपलने २.२ हा मूळ गॅमा २००९ मध्ये स्वीकारला. दुसरी अडचण आकड्यांच्या पल्ल्याची. आठ बिटांच्या व्हिडिओत काळा रंग १६ वर आणि पांढरा २३५ वर असतो. संगणक मात्र ० ते २५५ असा पल्ला धरतो. फायलीवर पल्ल्याची नोंद नसेल किंवा प्रणालीने ती वाचली नाही, तर काळा रंग राखाडी होतो, अथवा सावल्यांतील तपशील बुडतो. पडदा कितीही महाग असला तरी या चुकीवर त्याच्याकडे उपाय नसतो.

सर्वांत बोलकी घटना २०११ ची आहे. शिफारस क्र. ७०९ ने कॅमेऱ्याचा प्रतिसाद ठरविला होता. पडद्याने तो कसा उलगडावा हे लिहिलेच नव्हते. पिक्चर ट्यूबचा स्वभावच तसा असल्याने कोणाला गरज भासली नाही. सपाट पडद्यांनी ट्यूब हद्दपार केल्यावर तो स्वभाव नाहीसा झाला, आणि २.४ हा घातांक बीटी.१८८६ या स्वतंत्र शिफारशीत शब्दांत मांडावा लागला. म्हणजे एकवीस वर्षे या कराराचे एक कलम काचेच्या नळीत अलिखित पडून होते.

२०१९ मध्ये दूरचित्रवाणी उत्पादक व चित्रपटनिर्मात्यांनी मिळून ‘फिल्ममेकर मोड’ जाहीर केला. संचाने स्वतःची सजावट थांबवावी आणि चित्र निर्मात्याने ठरविलेल्या रंगांत दाखवावे, ही त्यामागील भूमिका. दुकानात शेजारच्या संचापेक्षा अधिक झगझगीत दिसण्याची कारखानदाराची गरज मात्र १९५० च्या दशकाइतकीच ताजी आहे. आणि हा मोड संचाच्या यादीतील अनेक पर्यायांपैकी एक आहे.