श्रवण-तंत्रिकेची गाठ : शस्त्रक्रियेचे दीर्घकालीन परिणाम

कवटीच्या तळाशी आठव्या मस्तिष्क-तंत्रिकेच्या आवरणातून वाढणारी ही गाठ, अकूस्टिक न्यूरोमा, कर्करोगाची नसते. मेंदू-शल्यचिकित्सक हार्वे कुशिंग यांचा तिच्यावरील ग्रंथ १९१७ साली निघाला, तेव्हा रुग्ण वाचणे हेच यश होते. आता चेहऱ्याची हालचाल टिकते का, हेही पाहिले जाते. गाठ लहान असेल तर ही हालचाल बहुधा टिकते. त्या बाजूचे ऐकणे मात्र पुष्कळदा कायमचे जाते. तोल हळूहळू सावरतो. चेहऱ्याची तंत्रिका जपण्यासाठी मागे ठेवलेला गाठीचा अंश पुन्हा वाढू शकतो, म्हणून एमआरआय तपासणी वर्षानुवर्षे चालू ठेवावी लागते. यवतमाळ जिल्ह्यात, वणी किंवा उमरखेडच्या शेतकऱ्याला एकाच कानाने कमी ऐकू येऊ लागल्यावर ते वयावर न ढकलता वेळीच तपासणे फार मोलाचे, कारण गाठीचा आकारच पुढचे बरेच काही ठरवतो.