ओट्याचा दगड

बेंगळुरूच्या आमच्या फ्लॅटमधला स्वयंपाकाचा ओटा चार इंचांनी उंच करायचा होता. काम एवढेच. पण ओट्याला हात लावायचा म्हणजे वरचा दगडही बदलायचा, हे कंत्राटदाराने परस्पर ठरवून टाकले आणि सलग तीन रविवार मी जिगणीला चकरा मारल्या. शहराच्या दक्षिणेला असलेल्या या औद्योगिक वसाहतीत दगड कापणारे आणि घासून चकाकी आणणारे कारखाने रांगेने आहेत. लोखंडी घोड्यांवर माणसापेक्षा उंच लाद्या तिरक्या टेकून ठेवलेल्या असतात. दुकानातला माणूस ओले फडके फिरवतो, रंग उजळतो, आपण मान डोलावतो.

नावे मात्र काही केल्या डोक्यात शिरेनात. एक लादी बर्फाच्या नावाची, एक ढगाच्या, एक इटलीतल्या कुठल्याशा शहराची. "हा दगड कुठला?" असे विचारले की उत्तर येई, "मॅडम, हा कंपनीचा."

मी सोलापूरची. आमच्याकडे दगडाला गावाचे नाव असे. अंगणात आणि न्हाणीत शहाबाद, ओट्यावर कडप्पा, आणि काकांनी सत्तरीत बांधलेल्या नव्या घरात कोटा. अर्थात लहानपणी ही गावे आहेत हे ठाऊक नव्हते. कडप्पा हा माझ्या लेखी एक रंग होता, काळ्याच्या अलीकडचा. १९८८ साली लग्न होऊन उद्यान एक्सप्रेसने बेंगळुरूला यायला निघाले तेव्हा गुलबर्ग्याच्या पुढे एका स्टेशनावर पिवळ्या पाटीवर 'शहाबाद' असे वाचले. रुळांच्या कडेला करड्या फरश्यांच्या थप्प्या होत्या. आमचे अंगण कुणीतरी उचलून तिथे रचून ठेवावे तसे वाटले.

पुढे नकाशा घेऊन बसले तेव्हा लक्षात आले की आमच्या घराचा बराचसा दगड एकाच रेल्वेमार्गावरचा आहे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मुंबईहून आग्नेयेकडे निघालेला मार्ग पुणे, सोलापूर, गुलबर्गा, शहाबाद, वाडी करीत रायचूरला पोचला, आणि मद्रास रेल्वेचा मार्ग अरक्कोणम, कडप्पा, ताडीपत्री, गुंतकल असा चढत तिथेच आला. १८७१ मध्ये दोन्ही जुळले. वाडीहून फुटणारा निजामाच्या रेल्वेचा फाटा १८७४ मध्ये सिकंदराबादला गेला. त्याच्यावर तांडूर आहे, तेही एका फरशीचेच नाव. कोटा दूर राजस्थानात, पण तिथला दगड जिथून निघतो ते रामगंज मंडी मुंबई-दिल्ली मार्गावरचे स्टेशन. फरशी हा अवजड आणि स्वस्त माल. बैलगाडीने शंभर कोस नेली तर भाडेच किमतीहून जास्त व्हायचे. तेव्हा रूळ जिथून गेले तिथला दगड घरोघर गेला, आणि जिथून वाघिणीत चढला त्या भागाचे नाव घेऊन गेला.

पण महाराष्ट्राला दगड बाहेरून आणायची गरज काय? सह्याद्रीपासून सोलापूरपर्यंत पायाखाली काळा पाषाणच आहे. जाती, पाटे-वरवंटे, देवळे, किल्ले त्यातूनच झाले. अडचण अशी की हा पाषाण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. छिन्नी मारली तर हवा तसा फुटतो, पण पापुद्रा सुटत नाही. त्याची दोन बोटे जाडीची सपाट फळी काढायची तर घडवत बसावे लागते. शहाबाद-कडप्प्याकडचा दगड म्हणजे समुद्रतळाशी थरावर थर साचून झालेली चुनखडी. थरांच्या सांध्यात पाचर ठोकली की पाने सुटावीत तशी फरशी सुटते. यंत्रे नव्हती तेव्हा घरातला सपाट दगड म्हणजे असा सुटणाराच दगड. विल्यम किंग या भूशास्त्रज्ञाचा कडप्पा-कर्नूलच्या खडकांवरचा ग्रंथ भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने १८७२ मध्ये छापला, म्हणजे रूळ जुळल्याच्या दुसऱ्याच वर्षी. या चुनखडीत शिंपले सापडत नाहीत, कारण ती साचली तेव्हा शिंपले धारण करणारे जीवच पृथ्वीवर नव्हते. आणि 'कडपा' या नावाचे मूळ तेलुगूतल्या 'गडप' या शब्दात, म्हणजे उंबरठ्यात आहे असे सांगतात. तिरुमलैच्या वाटेवरचा तो उंबरठा. आम्ही त्याच्यावर पोळपाट ठेवत होतो.

तसे पाहिले तर ओटाही स्वयंपाकघरातला नव्हेच. तो दाराबाहेरचा, पाहुण्यांनी टेकायचा, संध्याकाळी गप्पा मारायचा. बेंगळुरूचा गवंडी स्वयंपाकघरातल्या ओट्याला 'कट्टे' म्हणतो, आणि आपल्याकडेही 'किचन कट्टा' हा शब्द रुळला आहे. कट्टाही मुळात बाहेरचाच. आत बायका जमिनीवर होत्या. चूल जमिनीवर, विळी जमिनीवर, पितळी स्टोव्हसुद्धा जमिनीवर. बाहेरचा ओटा आत यायला बऱ्याच अंशी गॅस कारण झाला. मुंबईत बर्मा-शेलने पन्नाशीच्या दशकात सिलिंडर विकायला सुरुवात केली. हा वायू हवेपेक्षा जड, आणि शेगडी सिलिंडरपेक्षा वरच्या पातळीवर हवी असा नियम. म्हणजे शेगडीला उंच बैठक आली. आमच्याकडे १९७४ साली नंबर लागला तेव्हा वडिलांनी आधी ओटा बांधून घेतला आणि मग सिलिंडर घरात आला. विटांचे तीन खांब, मध्ये कडप्प्याचे आडवे कप्पे, वर कडप्प्याची एकसंध फरशी.

आईला तो ओटा आवडला असे म्हणता येणार नाही. फोडणी, भात, चहा ती उभ्याने करी. भाकरी मात्र खाली बसूनच थापायची. उभ्याने हाताला वजन मिळत नाही, भाकरी मधेच जाड राहते, असे तिचे म्हणणे. मग थापलेली भाकरी दोन्ही हातांवर घेऊन उठायचे, तव्यावर टाकायची, पुन्हा बसायचे. उभ्या ओट्याने गृहिणीचे कष्ट वाचवले असे सगळीकडे लिहिलेले असते. माझ्या आईच्या गुडघ्यांना ते कुणी विचारलेले नाही.

कडप्प्याची एक खोड होती. लिंबू पिळताना थेंब पडला, चिंचेचा कोळ सांडला, की तिथे पांढुरका डाग. चुनखडी आणि आंबट यांचे जमत नाही. आई दर शनिवारी खोबरेल तेलाचा बोळा फिरवी. दोन दिवस ओटा काळाभोर दिसे, मग पुन्हा नकाशा उमटे. चाळीस वर्षांत त्या ओट्यावर आमच्या घरातल्या प्रत्येक लोणच्याची नोंद झाली होती.

ग्रॅनाइटला असले काही होत नाही. म्हणून तर तो आला आणि बघता बघता कडप्प्याला ओट्याखाली, कप्प्यांत ढकलून मोकळा झाला. दक्षिणेत ग्रॅनाइट आजचा नाही. लालबागेतल्या टेकाडावर केंपेगौडाचा बुरूज आहे. त्याच्याखालचा नाइस खडक सुमारे तीनशे कोटी वर्षांचा. हा दगड देवळांना होता, पायऱ्यांना होता. पण त्याची तलम, चकचकीत लादी घरगुती स्वयंपाकघरापर्यंत यायला हिऱ्याचे कण बसवलेली पाती आणि घासण्याची यंत्रे यावी लागली. ऐंशीच्या दशकानंतर ती सर्रास झाली आणि ठोकळ्याची पावाच्या लादीसारखी कापे निघू लागली. दगडाला थर असण्याची गरज संपली. गावाच्या नावाचीही गरज तिथपासूनच कमी होत गेली असावी. ओंगोलजवळच्या चीमकुर्तीहून निघणारा, काळ्यावर सोनेरी ठिपक्यांचा दगड जगभर 'ब्लॅक गॅलेक्सी' म्हणून जातो. चीमकुर्ती कुणाला माहीत नसते. शास्त्रज्ञ त्याला ग्रॅनाइटही म्हणत नाहीत. बाजारातले बहुतेक काळे 'ग्रॅनाइट' हे गॅब्रो किंवा डोलराइट जातीचे खडक आहेत. दुकानदाराला ते सांगितले. तो म्हणाला, "बिलावर ग्रॅनाइटच लिहावे लागते."

आमचा इथला ओटा १९९८ चा, अशाच काळ्या दगडाचा. आई तेव्हा आमच्याकडे राहायला आली होती, म्हणून उंची तिच्या बेताने तीस इंच ठेवली. लादी बसवायला आलेला मुलगा विशीचाही नसेल. राजस्थानातला. सिंकसाठी चौकोन कापायला तो बाल्कनीत बसला आणि हातातल्या कटरने कोरडाच दगड कापू लागला. तोंडाला एक गमछा. दुपारपर्यंत बाल्कनीतला तो दिसेनासा झाला होता. घरभर पिठासारखी राख. मी रागावले. माझी पुस्तके खराब झाली, याबद्दल. आईने त्याला गूळ-पाणी दिले आणि म्हणाली, "पोरा, जरा तोंड धू, काय रे हे." तो म्हणाला, "रोज का है, अम्मा." मी त्याच्या हातावर ठरलेल्या पैशातले पन्नास रुपये कमी ठेवले, साफसफाईचे म्हणून.

हे मला या वर्षी जिगणीला आठवले, कारण दुकानदार मला 'क्वार्ट्झ' घ्या म्हणत होता. हा खाणीतून जशाच्या तसा निघालेला दगड नव्हे. इटलीतल्या त्रेव्हिसो भागात विकसित झालेल्या तंत्राने गारगोटीचा चुरा, राळ आणि रंग हवा काढून दाबतात आणि लादी बनवतात. त्यात वजनाने नव्वद टक्क्यांच्या आसपास किंवा जास्त गारगोटी, म्हणजे सिलिका. ग्रॅनाइटमध्ये मोकळी गारगोटी साधारण चौथा हिस्सा किंवा थोडी अधिक; काळ्या डोलराइटात फारच कमी; चुनखडीतही त्यामानाने थोडी. २०१२ साली इस्रायलमधल्या डॉक्टरांनी अशा लाद्या कापणाऱ्या २५ कामगारांच्या सिलिकोसिसची नोंद प्रसिद्ध केली. फुप्फुसे आतून घट्ट होत जातात आणि उपाय उरतो तो फुप्फुसे बदलण्याचा. ऑस्ट्रेलियात तरुण कामगारांत हाच आजार सापडत गेला, आणि १ जुलै २०२४ पासून तिथे हा दगड बनवायला, विकायला, बसवायला बंदी आली. एका ओट्याच्या दगडावर अख्ख्या देशाने घातलेली बंदी.

आपल्याकडे हा आजार नवा नाही. मंदसौरला पाटीवरच्या पेन्सिली कापणारे कामगार यानेच गेले. त्या पेन्सिलीने मी मुळाक्षरे गिरवली आहेत. १९४८ च्या कारखाने कायद्याने सिलिकोसिसची नोंद करणे बंधनकारक केले होते. पण बाल्कनी हा कारखाना नसतो. तिथे कापणाऱ्याचे नाव कुठल्याच हजेरीपटावर नसते, आणि खोकला सुरू होतो तोवर ओटा बांधून घेणारी बाई त्याला विसरलेली असते.

दुकानदार वाईट माणूस नव्हता. मी विचारले तेव्हा त्याने मला आत नेऊन दाखवले: मोठ्या पात्यावर सतत पाण्याची धार, खाली गाळाचा राखाडी चिखल, धूळ जवळजवळ नाही. "इथे पाणी मारतो. साइटवर कसे मारणार? हातात विजेचे मशीन असते, शॉक बसतो." मुद्दा खरा होता. मग मी म्हटले, साइटवर कापूच नका. सगळी मापे प्लायवुडवर उतरवून आणते, सिंकचा चौकोन, नळाचे भोक, कडेची गोलाई, सगळे इथेच पाण्याखाली करा. तो म्हणाला, भिंत काटकोनात नसेल तर फट राहील. राहू दे म्हटले. त्याने याचे वेगळे पैसे लावले. मी घासाघीस केली नाही, जी एरवी मी सवयीने करतेच.

शेवटी नवी लादी पूर्ण ओट्याची घेतलीच नाही. जुना काळा दगड चांगला होता, त्याला फक्त वर उचलायचे होते. गवंडी म्हणाला, "अम्मा, काढताना फुटेल." चौघांनी मिळून उचलला, आणि फुटला, शेगडीच्या डावीकडे, सरळ रेषेत, दोनच तुकडे. ते दोन्ही तसेच पुन्हा बसवले, सांध्यात काळा लांबी भरला. सिंकच्या बाजूला वाढवलेल्या जागेपुरता जिगणीचा नवा तुकडा आला, तयार कापून. भिंतीशी अर्ध्या बोटाची फट राहिली. तिच्यात सध्या मोहरीचे दाणे जाऊन बसतात, ते मी टोकदार काडीने काढते. ओटा आता चौतीस इंचांचा आहे.