आभासी यंत्र
एका संगणकावरील मूळ परिचालन प्रणालीच्या (पहा : परिचालन प्रणाली) अंमलाखाली दुसरी परिचालन प्रणाली स्वतंत्र यंत्रावर असल्याप्रमाणे चालविण्याची योजना.

तिचा उगम १९६०–७० च्या दशकात आयबीएमच्या केंब्रिज (मॅसॅचूसेट्स) येथील केंद्रात झाला. १९७२ मध्ये व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर झाली, १९७४ मध्ये पोपेक व गोल्डबर्ग यांनी अशा यंत्रांची तात्त्विक लक्षणे निश्चित केली आणि १९९९ मध्ये व्हीएमवेअरने ही सोय वैयक्तिक संगणकावर आणली.

यजमान (मूळ) व पाहुणी (दुसरी) प्रणाली यांच्यामधील हायपरव्हायजर हा प्रोग्रॅम पाहुणीस प्रोसेसरचा वेळ व स्मृतीचा हिस्सा (पहा : संगणक स्मृती) नेमून देतो, तिचे जे विशेषाधिकारी आदेश यजमानाच्या कारभारात हस्तक्षेप करतील, ते मध्येच अडवून त्यांचे अपेक्षित परिणाम स्वतः घडवून आणतो. पाहुणीला जी संपूर्ण हार्ड डिस्क भासते, ती यजमानाच्या दफ्तरी बहुधा केवळ एक फाइल असते. तिची नक्कल काढली की सबंध यंत्र अन्यत्र हलविता येते.

मेघसंगणन (पहा) याच तत्त्वावर उभे राहिले. मराठी मुद्रणव्यवहारात, युनिकोडपूर्व टंकांत (पहा : युनिकोड) जुळविलेला आणि श्रीलिपी किंवा आयएसएम या भारतीय लिप्यांच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्यांवर अवलंबून असलेला मजकूर, लिनक्सच्या पोटात जुनी विंडोज उभारून, मूळ रूपात उघडता येतो, हा उपयोग विशेष मोलाचा होय, मात्र ज्या आवृत्तीस डोंगल (परवाना पडताळण्यासाठी संगणकास जोडावयाचा खटका) लागतो, तिच्यासाठी तो पाहुण्या प्रणालीकडे वळता करण्याची तजवीज करावी लागते.