अंगणातली शाळा



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून द्या, असा निरोप चिटणीसबाईंनी धाडला तेव्हा जुन्या हळदीकुंकवाच्या आठवणी लिहाव्यात असे आधी मनात आले होते. पण गेल्या सभेत आपल्या बालवाडीच्या अंगणात फरशी घालून वर पत्र्याची शेड उभारावी असा ठराव पुढे आला, आणि मधले लिंबाचे झाड आड येते, ते काढून टाकावे, असेही कोणी बोलून गेले. निर्णय पुढल्या सभेवर गेला. तेव्हापासून माझ्या मनात हेच घोळते आहे. म्हणून हळदीकुंकू बाजूला ठेवून आज अंगणाचाच थोडा इतिहास सांगते.

ताराबाई मोडक हे नाव आपल्यापैकी पुष्कळजणींनी ऐकलेले असेल. जन्म १८९२ चा. राजकोटला मुलींच्या कॉलेजच्या मुख्याध्यापिकेची मानाची जागा त्यांना मिळाली होती. ती सोडून १९२३ साली त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात गेल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि १९३६ साली दादरला शिशुविहार निघाला. तिथली माँटेसरीची साधने सुबक खरी, पण महाग. ती खेड्यातल्या मुलाला कोण घेऊन देणार, हा प्रश्न ताराबाईंना स्वस्थ बसू देईना. १९४५ साली, पन्नाशी उलटून गेल्यावर, त्या डहाणू तालुक्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी जाऊन राहिल्या. तिथे त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. तेराव्या वर्षी लग्न आणि थोड्याच महिन्यांत वैधव्य, असे ज्यांच्या वाट्याला आले, त्या या अनुताई.

बालवाडी उघडली, पण गरिबांच्या वस्तीतली मुले तिकडे फिरकत ना. दुसरे कोणी असते तर आईबापांना बोल लावून मोकळे झाले असते. या दोघींनी शाळाच उचलली आणि वस्तीत नेली. कोणाचे अंगण झाडून घेतले, तिथेच मुले जमवली. आधी हातपाय धुणे, नखे काढणे, केस विंचरणे, मग गाणी आणि खेळ. मोजायला शिंपले, चिंचोके, बिया. रंगांची ओळख पानाफुलांनी. आकार घडवायला ओली माती. काही विकत आणावयाचे नाही, आणि खेळून झाले की पुन्हा मातीला मिळणारे. अंगणात भरणारी बालवाडी ती अंगणवाडी. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारने देशभर ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली तेव्हा हाच शब्द केंद्राकेंद्रावर लागला. आज आपण अंगणवाडी म्हणतो आणि तिला अंगण असते की नाही हे पाहात नाही, हा भाग निराळा!

१९५७ च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे वारली मुलांची गाठ पडली. थोरली मुले सकाळी गुरे घेऊन रानात जात, ती शाळेत येणार कशी? मग शिक्षकच गुरांमागे कुरणात जाऊ लागले. गुरे चरत आणि झाडाच्या सावलीत अक्षरओळख चाले. तिचे नाव कुरणशाळा. मुलींच्या कडेवर धाकटे भावंड असे, म्हणून तान्ह्यांसाठी पाळणाघर, त्याच्या शेजारी बालवाडी, तिच्या शेजारी प्राथमिक शाळा, असा एकच संसार मांडला. त्याला विकासवाडी म्हणत.

कुरणशाळेची हकिकत मी प्रथम वाचली तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. त्याच सुमारास माझी थोरली बहीण इकडे कयाधूच्या काठाने शेळ्या राखीत होती. निजामी राजवट १९४८ साली संपली तरी आपल्या भागात, तेव्हाच्या परभणी जिल्ह्यात, मुलीला शाळेत घालणे अजून अंगवळणी पडले नव्हते. मी धाकटी म्हणून मला पाटी मिळाली. पाऊस कोणत्या अंगाने येणार, कोणत्या झाडाचा पाला शेळी ओकून टाकते, पळस फुलला की पुढे कोणते काम, हे सारे तिला ठाऊक. सही मात्र अंगठ्याची. तिला शिकवायला कोणी कुरणात आले नाही. मला शिकवले ते चार भिंतींत, आणि पळसाचे पान मी तिच्याकडूनच ओळखायला शिकले.

मोकळ्या हवेचा विचार इतरत्रही झालेला आहे. लंडनच्या डेप्टफर्ड या गरीब वस्तीत मार्गारेट मॅकमिलन यांनी १९१४ साली बागेतली बालशाळा काढली. मुलांची दुखणी अंधाऱ्या खोल्यांतून येतात हे त्यांनी ताडले होते. अलीकडे चीनमधील ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना रोज चाळीस मिनिटे जादा बाहेर नेले. तीन वर्षांनी त्यांच्यात लांबचे न दिसण्याचा दोष शंभरात सुमारे ३० जणांना लागला होता. ज्यांना नेले नाही त्यांच्यात सुमारे ४० जणांना. हे अंक २०१५ साली प्रसिद्ध झाले. माझ्या नातवाला दुसरीतच चष्मा लागला तेव्हा मी ते सुनेला वाचून दाखवले. तिने माझ्याच हातातल्या मोबाईलकडे बोट दाखवले. असो.

बाहेरचे सगळेच चांगले असे मात्र मी म्हणणार नाही. आपल्या हिंगोलीचे चैत्र-वैशाखातले ऊन लेकराला दहानंतर सोसत नाही. अनवाणी हिंडले तर मातीतले जंत तळव्यातून शिरतात आणि रक्त पांढरे करतात. तेव्हा पायात चप्पल हवी, अंगणाच्या टोकाला संडास आणि साबण हवा. बोर्डीला आधी हातपाय धुवायला लावीत, ते उगीच नव्हे.

म्हणून सावली हवी, यात दुमत नाही. पण पत्रा दुपारी तापतो आणि लिंब तापत नाही. शिवाय आपली माती काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर घातलेली फरशी दोन पावसाळ्यांत वरखाली होते, हे आपल्या घरांच्या ओट्यांवरून आपण जाणतोच. पाणी मुरायचे बंद होईल ते वेगळेच. त्यापेक्षा लिंबाभोवती पार बांधावा, भिंतीलगत दोन वाफे काढावेत. एकात हळदीचे कंद लावावे. वसमतच्या हळदीचा एवढा लौकिक, पण शहरातल्या लेकरांना ती पुडीत उगवते असे वाटते. जूनमध्ये लावलेली हळद शाळेच्याच वर्षात काढणीला येते, म्हणजे लावणारे लेकरूच ती खणील. दुसऱ्यात मेथी आणि पालक, खाऊच्या खिचडीत घालायला.

रविवारी सकाळी मी टेप घेऊन अंगण मोजायला जाणार आहे. झाडाचा घेर सोडून शेडला किती जागा उरते ते कागदावर मांडून पुढल्या सभेत आणीन. दुसरे टोक धरायला कोणी आले तर बरे होईल. बहीणही येते म्हणाली आहे. तिला आकडे वाचता येत नाहीत, पण लिंबाची मुळे कुठवर गेली असतील ते ती सांगेल.