हात आधी, डोकं नंतर

क्रिकेटमध्ये बाद व्हायचे बहुतेक प्रकार म्हणजे साधे फिजिक्सचे प्रश्न. चेंडू स्टंपला लागला का? झेल जमिनीच्या वर घेतला का? पण एक-दोन प्रकार असे आहेत की तिथे अंपायरला बॅट्समनच्या डोक्यात शिरावं लागतं. 'ऑब्स्ट्रक्टिंग द फील्ड' हा त्यातला एक. नियमातला कळीचा शब्द एकच: जाणूनबुजून.

१९५१ साली ओव्हलवर लेन हटनने स्वीप मारला. चेंडू वर उडाला, स्टंपवर पडेल म्हणून तो बॅटने बाजूला करायला गेला. विकेट वाचवायला बॅटची मुभा असते, पण झेल अडवायची नसते. झेलासाठी सरसावलेला कीपर होता दक्षिण आफ्रिकेचा रसेल एन्डीन. हटन बाद! गंमत म्हणजे १९५७ साली केपटाउनला लेकरचा चेंडू याच एन्डीनच्या पॅडला लागून उडाला, स्टंपवर पडणार तोच त्याने हाताने उडवला. टेस्टमधला पहिला 'हँडल्ड द बॉल'. १९८३ मध्ये आपल्या वानखेडेवर डेस्मंड हेन्स, १९९३ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डला १३३ वर खेळणारा गूच, २००१ मध्ये चेन्नईत ४७ वरचा स्टीव्ह वॉ, हे सगळे असेच गेले.

आता याच्या उलट बघा. १९७९ मध्ये पर्थला नॉन-स्ट्रायकर अँड्र्यू हिल्डिचने फील्डरचा थ्रो उचलून बोलर सर्फराजच्या हातात दिला. सर्फराजने अपील केलं, हिल्डिच बाद. म्हणजे कृती शंभर टक्के जाणूनबुजून, पण हेतू निव्वळ मदतीचा. गूच किंवा वॉचं मात्र हात हलला तेव्हा डोक्यात काही ठरलंच नसावं. माणसाला साधी प्रतिक्रिया द्यायलाच साधारण ०.२ सेकंद लागतात, तेवढ्यात चेंडू स्टंपवर पोचतो. आपल्या भाषेत सांगायचं तर हा इंटरप्ट आहे, मेन प्रोग्रामला विचारत नाही.

मग रिप्ले आले. २०१५ मध्ये लॉर्ड्सच्या वन-डेत स्टार्कच्या थ्रोला बेन स्टोक्सचा हात लागला आणि थर्ड अंपायरने त्याला बाद दिलं. अंग वाचवताना हात लागला तर नियमात सूट आहे, त्यामुळे वाद पेटला. २०१६ मधल्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं की स्लो मोशनमध्ये तीच कृती लोकांना जास्त हेतुपुरस्सर वाटते. म्हणजे जितकं हळू बघाल तितका माणूस दोषी!

२०१७ मध्ये 'हँडल्ड द बॉल' ऑब्स्ट्रक्टिंगमध्येच विलीन झालं. त्यानंतर टेस्टमध्ये तसा बाद झालेला पहिला बॅट्समन म्हणजे मुशफिकुर रहीम, २०२३ मध्ये मीरपूरला.

माझं मत विचाराल तर हात स्टंपकडे जाणारा चेंडू अडवतो, तेव्हा रिफ्लेक्स असला तरी बाद द्यावं. फायदा झालाच ना! अंपायरला हातच दिसतो, मन नाही. फक्त आपण टीव्हीसमोर बसून त्याला लगेच चीटर ठरवू नये. बाद होणं वेगळं आणि बेइमान ठरणं वेगळं.