'कलकत्ता' सापडेना, डेटाबेस उघडेना!

पासवर्ड बरोबर, सर्व्हर सुरू, जोडणीही शाबूत. तरीही डेटाबेस उघडत नाही. पडद्यावर संदेश झळकतो : 'टाइमझोन'साठी दिलेले 'एशिया/कलकत्ता' हे मूल्य अवैध आहे. 'डीबीव्हर'सारख्या साधनातून पोस्टग्रेस डेटाबेस हाताळणाऱ्या भारतीय प्रोग्रामरांपुढे सर्व्हर नव्या आवृत्तीवर नेल्यानंतर ही अडचण उभी राहते. माहिती नष्ट झाल्याची शंका येते. प्रत्यक्षात हरवलेले असते ते केवळ एक नाव.

घोळ नावाचा

जगभरातील संगणक वेळेसाठी एक सामायिक माहितीसाठा वापरतात. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी उभारलेला हा साठा २०११पासून 'आयाना'च्या छत्राखाली आहे. १९७०पासून ज्यांचे घड्याळ सारखे चालले, अशा प्रदेशांना त्यात सहसा एकच मुख्य नोंद मिळते. त्यामुळे भारताची नोंद कोलकात्याच्या नावाने आहे. मुंबईची स्वतंत्र नोंद नाही. १९०६मध्ये भारतीय प्रमाणवेळ आल्यावर मुंबईच्या गिरणी कामगारांनी तिला विरोध केला होता आणि ३९ मिनिटे मागे असलेली 'मुंबई वेळ' शहरात १९५५पर्यंत टिकून होती. आज मात्र गिरगावातील संगणकही 'कोलकाता' याच नावाने वेळ पाळतो.

शहराचे नाव २००१मध्ये बदलले. साठ्यातील नाव २००८मध्ये. जुने नाव पर्यायी म्हणून राहिले. पुढे 'डेबियन' आणि 'उबुंटू' या लिनक्स प्रणालींनी अशी जुनी नावे 'टीझेडडेटा-लेगसी' या वेगळ्या पॅकेजमध्ये हलविली. उबुंटू २४.०४ व डेबियन १३मध्ये ते आपोआप बसेलच असे नाही. विंडोजवरील जावा मात्र अजूनही जुनेच नाव सांगते. साधन ते नाव पाठविते, सर्व्हरला नोंद सापडत नाही आणि जोडणी नाकारली जाते.

उपाय काय?

* 'डीबीव्हर'च्या आयएनआय फाइलमध्ये, 'व्हीएमआर्ग्ज' या ओळीच्या खाली, 'यूजर टाइमझोन'चे मूल्य 'एशिया/कोलकाता' असे द्यावे आणि साधन पुन्हा सुरू करावे. इतर जावा प्रोग्रामनाही सुरू करताना हेच मूल्य देता येते.

* अनेकांचे संगणक एकाच सर्व्हरला जोडलेले असल्यास सर्व्हरवर 'टीझेडडेटा-लेगसी' बसविणे सोयीचे.

* सर्व्हरला कोणती नावे ठाऊक आहेत, हे पोस्टग्रेसमधील 'पीजी टाइमझोन नेम्स' या यादीत पाहता येते.

ही काळजी घ्या

डेटाबेस पुसून नव्याने बसविण्याची गरज नाही. दोन्ही नावांची वेळ एकच, जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. त्यामुळे जुन्या नोंदींना धक्का लागत नाही. घाईघाईने 'यूटीसी' निवडल्यास जोडणी होते खरी, पण वेळा साडेपाच तास मागे दिसू लागतात आणि नव्या नोंदींतही चूक शिरू शकते. बिले व हजेरीच्या नोंदी सांभाळणाऱ्या कार्यालयांनी हा आडमार्ग टाळणेच श्रेयस्कर.